अंबाझरी : नळ तुटले, धरण राहिलं

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपूरला पूर आला, पण अंबाझरी तलावाचं धरण फुटलं नाही. नागपुरात त्या पुराविषयी बोलताना ही गोष्ट बहुतेक वेळा राहूनच जाते. तलाव भरला, जादा पाण्याच्या वाटेवरून, म्हणजे सांडव्यावरून, पाणी पडलं, नाग नदीत ते मावलं नाही आणि अंबाझरी लेआउटपासून सीताबर्डीपर्यंत घरांत, दुकानांत, तळघरांत शिरलं. मातीचा भराव मात्र जागेवर होता. दीडशे वर्षांच्या पाळीने आपलं काम केलं आणि तरीही खालच्या वस्तीत किमान चार जीव गेले. या दोन्ही गोष्टी एकाच रात्री कशा घडल्या, एवढाच या प्रकरणाचा विषय आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. अंबाझरी हे पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेलं धरण. शहराने त्याचं पाणी प्यायचं सोडलं, तशी त्याच्यावरची रोजची नजरही हटली. धरणाचा उपयोग संपला म्हणून त्याचा धोका संपत नाही, पण आपल्या कारभारात उपयोग गेला की खातंही जातं. मागे उरलं ते फिरायला जायचं ठिकाण.

पाणी कोण पीत होतं

अंबाझरीला भोसल्यांचा तलाव म्हणायची पद्धत आहे. पण भोसल्यांचं राज्य १८५३ मध्ये खालसा झालं, मध्य प्रांत १८६१ मध्ये तयार झाला आणि नागपूरची नगरपालिका १८६४ ची. पाणीपुरवठ्याचं धरण म्हणून अंबाझरीचं साल सांगतात ते १८७०. म्हणजे आधीचं तळं कोणाचंही असो, शहराला पाणी पाजणारं धरण इंग्रजी अमदानीत उभं राहिलं. जागा नीट हेरली होती. वाडीजवळच्या लाव्हा गावाच्या टेकड्यांत नाग नदी उगम पावते. पश्चिमेचा भाग उंच, शहर पूर्वेकडे उतारावर. तलावातून पाणी आपल्या वजनानेच खाली यायचं, उपसावं लागायचं नाही. मातीच्या भाजलेल्या नळ्यांतून ते आधी सरकारी अधिकारी आणि शहरातल्या प्रतिष्ठितांकडे गेलं, हे सांगायची गरज आहे की नाही कोण जाणे. नळाचं पाणी कुठेही आलं तरी आधी बंगल्यांकडेच वळतं.

तीस वर्षांहून अधिक काळ हा पुरवठा चालला. शहर वाढलं. काटोल रोडकडचा गोरेवाडा तलाव विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात आला, पुढे कन्हान नदीवरून पाणी घेतलं गेलं, आणि आज नागपूरच्या पाण्याचा मोठा वाटा पेंचचा आहे. तोतलाडोह, त्याखाली नवेगाव खैरी, तिथून महादुल्याला उपसा आणि मग गोरेवाड्याचं जलशुद्धीकरण केंद्र. २०१९ च्या जुलैमध्ये तोतलाडोह आटला आणि शहरात दिवसाआड पाणी यायला लागलं, तेव्हा लोकांच्या तोंडी पेंचचं पाणी वरच्या बाजूला अडवणाऱ्या मध्य प्रदेशातल्या चौराई धरणाचं नाव होतं. घरापासून चार-पाच किलोमीटरवरच्या अंबाझरीची आठवण पिण्यासाठी कोणाला झाली नाही. होण्यासारखी नव्हतीच. वाडीचं सांडपाणी आणि हिंगणा एमआयडीसीच्या बाजूचा निचरा वर्षानुवर्षं तलावात उतरत होता, पृष्ठभागावर जलपर्णी पसरत होती.

पाणलोट घाण होणं आणि धरणाकडे दुर्लक्ष होणं या दोन वेगळ्या तक्रारी वाटतात, पण त्यांचं मूळ एकच आहे. ज्या तलावाचं पाणी रोज सकाळी हंड्यात येतं त्याच्या काठावर पातळी मोजणारा माणूस असतो, दरवाजाची चावी कोणाकडे आहे हे माहीत असतं, पाणी गढूळ आलं तर दुपारपर्यंत बोंब होते. गढूळपणा हे मातीच्या धरणात फार मोलाचं लक्षण आहे. पायथ्याशी झिरपणारं पाणी स्वच्छ असेल तर बहुधा काळजी नाही, ते मातकट झालं की समजावं, आतली माती बाहेर येतेय.

मातीची पाळ उभी कशी राहते

इथे थोडं थांबतो, कारण पुढचे सगळे वाद या एका मुद्द्यावर अडकले आहेत.

नागपूर दख्खनच्या बेसाल्टच्या कडेवर बसलेलं शहर आहे. पश्चिमेला काळा दगड, त्यावर मुरूम आणि काळी माती, तर पूर्वेकडे दुसऱ्याच जातीचा, फार जुना खडक. पश्चिमेला मातीचं धरण बांधायचं तर सामान हाताशी. काळी माती पाणी अडवते, मुरूम वजन आणि उतार देतो, पाण्याकडच्या बाजूला लाटांनी माती खाऊ नये म्हणून दगडी पिचिंग, म्हणजे दगडांचं अस्तर. अशा भरावातून पाणी थोडं झिरपणारच. ते कुठून, किती आणि कशा रंगाचं झिरपतं हा प्रश्न असतो. पायथ्याशी ते सुखरूप बाहेर पडावं म्हणून दगडगोट्यांचा निचरा ठेवतात. निचरा बुजला की भरावातली पाण्याची रेषा वर चढते, माती भिजून जड होते आणि उतार घसरू शकतो.

काळ्या मातीचा दुसरा स्वभाव नागपूरकराला शिकवायला नको. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे गेला की तिला भेगा पडतात, पहिल्या पावसात ती फुगते. धरणाच्या माथ्यावर अशा भेगा पडल्या आणि वर झाडोऱ्याने त्या झाकल्या, तर जूनमध्ये तलाव भरताना पाण्याला आत शिरायला वाट तयार असते. म्हणून पावसाळ्याआधीची पाहणी गवत कापून करायची असते, गाडीतून नव्हे.

आणि सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे माथ्यावरून जाणारं पाणी. दगडी किंवा काँक्रीटच्या धरणावरून पाणी गेलं तर ते काही काळ सोसतं. मातीच्या धरणाच्या माथ्यावरून पाणी वाहू लागलं की खालचा उतार कापला जातो, घळ पडते, घळ माथ्यापर्यंत मागे सरकते आणि मग धरण धरण राहत नाही. १९६१ च्या जुलैत पानशेतने पुण्याला काय केलं ते महाराष्ट्र विसरलेला नाही. २ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातलं तिवरे हे मातीचं छोटं धरण गेलं आणि खालची वस्ती घेऊन गेलं. धरण किती मोठं, याला फारसं महत्त्व नसतं. खाली कोण झोपलंय याला असतं.

म्हणून मातीच्या धरणाचा जीव त्याच्या सांडव्यात असतो. भराव कितीही भक्कम करा, जादाचं पाणी बाजूने वेळेत निघून गेलं नाही तर भराव वाचत नाही. अंबाझरीचा सांडवा दारं नसलेला होता. पाणी ठरलेल्या उंचीला पोचलं की आपोआप ओसंडायचं. यात एक मोठी सोय आहे, रात्री दोन वाजता दार उघडायला माणूस झोपेतून उठवावा लागत नाही. गैरसोयही तितकीच मोठी. मुसळधार पाऊस येणार हे कळलं तरी तलाव आधी थोडा रिकामा करून ठेवता येत नाही.

ती रात्र

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा. पावसाळा संपत आलेला, तलाव काठोकाठ. २२ तारखेच्या मध्यरात्रीनंतर ढग फुटल्यासारखा पाऊस लागला आणि पहाटेपर्यंत शंभर मिलिमीटरहून अधिक पडला, त्यातला बहुतेक मोजक्या तासांत.

शंभर मिलिमीटर म्हणजे नेमकं किती, याचा हिशोब करून पाहावा. एक चौरस किलोमीटरवर शंभर मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लाख घनमीटर, अर्थात दहा कोटी लिटर पाणी. उदाहरणापुरतं दहा चौरस किलोमीटरचं पाणलोट धरा. त्यातलं साठ टक्के पाणी वाहून येतं असं धरलं आणि ते चार तासांत आलं, तर सरासरी सेकंदाला चाळीस घनमीटरच्या वर जातं. तलाव रिकामा असता तर त्याने हे पोटात घेतलं असतं. तो भरलेला होता, त्यामुळे जवळजवळ जसं आलं तसं सांडव्यावरून उतरलं. सेकंदाला दोन मीटर वेगाने हे पाणी न्यायचं तर दोन मीटर खोल आणि दहा मीटर रुंद असं मोकळं पात्र हवं, आणि तेही खालच्या रस्त्यांचं, गटारांचं स्वतःचं पाणी त्यात यायच्या आधी. शहराच्या सखल भागांवरही तोच पाऊस पडत होता, ही गोष्ट नुसती तलावाकडे बोट दाखवताना सुटते.

नाग नदी सांडव्याखालून निघून अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, धरमपेठ, शंकरनगर, रामदासपेठ असं करत सीताबर्डीकडे जाते. पाणी त्याच वाटेने गेलं. पहाटेच्या अंधारात पलंगापर्यंत पाणी आलेल्या माणसाच्या मनात पहिला प्रश्न ‘तलाव फुटला का?’ हाच येणार. शंकरनगरच्या मूकबधिर विद्यालयातल्या मुलांना बाहेर काढावं लागलं, एलएडी महाविद्यालयाच्या वसतिगृहातल्या मुलींना सोडवावं लागलं, मोरभवन बसस्थानकातल्या बस पाण्यात उभ्या राहिल्या. राष्ट्रीय आणि राज्य आपत्ती प्रतिसाद दल उतरलं, कामठीहून लष्कराची तुकडी आली. सुमारे दहा हजार घरांना फटका बसल्याचं सरकारकडून सांगण्यात आलं. घरासाठी १० हजार आणि दुकानासाठी ५० हजारांपर्यंत मदत जाहीर झाली. ज्यांच्या दुकानातला दिवाळीचा माल गेला त्यांना हा आकडा कसा वाटला असेल, ते त्यांनाच ठाऊक.

मूकबधिर विद्यालयाचा उल्लेख मुद्दाम केला. धरणाखालच्या वस्तीला इशारा द्यायचा म्हटलं की आपल्याकडे पहिली सूचना भोंग्याची येते. भोंगा ऐकू न येणारी मुलं याच नदीच्या काठी झोपलेली होती. इशारा कोणापर्यंत, कोणत्या मार्गाने पोचवायचा याची यादी घरोघर फिरूनच करावी लागते.

सांडव्याचं तोंड

पुरानंतर सगळा राग एका जागी गोळा झाला, सांडव्यासमोरच्या विवेकानंद स्मारकावर. पाण्याच्या वाटेत पुतळा उभा केला म्हणून पूर आला, असं लोक म्हणू लागले. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेलं, विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली उच्चस्तरीय समिती नेमली गेली.

या वादात मला दोन्ही बाजू अर्धवट वाटतात. जलशास्त्राचा नियम साधा आहे. सांडव्यावरून जाणारं पाणी त्याच्या लांबीच्या प्रमाणात आणि पाण्याच्या उंचीच्या दीडाव्या घाताच्या प्रमाणात वाढतं. सांडव्याची उपयोगी लांबी निम्मी झाली, तर तेवढंच पाणी सोडायला सांडव्यावरची पाण्याची उंची जवळजवळ साठ टक्क्यांनी वाढावी लागते. ती वाढ थेट भरावाच्या माथ्याकडे सरकते. म्हणजे सांडव्याच्या ओठावर, पाणी ओसंडतं त्या कडेवर, केलेली अडवणूक खालच्या वस्तीपेक्षा आधी धरणाला घातक. अडथळा ओठाच्या खाली, पुढे असेल तर गोष्ट थोडी वेगळी. त्याच्यामुळे तुंबलेलं पाणी चढत चढत ओठाला टेकेपर्यंत धरणाला कळतसुद्धा नाही. टेकलं की मात्र सांडवा बुडतो आणि त्याची क्षमता झपाट्याने घसरते. तेव्हा स्मारकाने किती मीटर पात्र खाल्लं हा प्रश्न योग्यच, पण त्याच्या सोबतीला सांडव्याजवळच्या पुलाची कमान केवढी, पुढे जलक्रीडा उद्यानाच्या आवारात नदी केवढी उरली, डागा लेआउटजवळ स्केटिंग रिंकच्या बांधकामाने पात्राचं काय झालं, हेही एकाच कागदावर मांडायला हवं. साखळीतली सगळ्यात अरुंद जागा कोणती, त्यावर पाणी ठरवतं कुठे तुंबायचं. पुतळा दिसतो, पुलाखालची उंची दिसत नाही. रागाला दिसणारी वस्तू लागते.

दुसऱ्या बाजूचं ‘निसर्गाचा कोप, पाऊसच इतका पडला’ हे म्हणणं तर मला अजिबात पटत नाही. नागपुरात एका रात्री शंभर मिलिमीटर पाऊस ही न ऐकलेली गोष्ट नव्हे. सांडवा अशाच रात्रीसाठी ठेवलेला असतो.

आणि गंमत पाहा. दरवर्षी अंबाझरी भरला की ‘ओव्हरफ्लो’ बघायला अख्खं शहर लोटतं. भुट्टे, चहा, मोबाइल, पोरं पाण्याच्या धारेत. त्या गर्दीत उभं राहून हे पाणी पुढे कुठे जातं, असं विचारलं तर किती जण सांगू शकतील, मला शंका आहे.

झाडं आणि खांब

पुराच्या कितीतरी आधी अंबाझरीच्या भरावाविषयी वेगळाच वाद सुरू होता. धरणाच्या उतारावर मोठी झाडं वाढली होती. धरण सुरक्षेच्या दृष्टीने ती काढावीत असं सांगितलं गेलं, तेव्हा पर्यावरणप्रेमींनी विरोध केला. शहरात सावली कमी होत चाललेली असताना जुनी झाडं तोडायची कल्पना कोणालाही खुपणारच.

तरी या मुद्द्यावर मी अभियंत्यांच्या बाजूने आहे. मातीच्या भरावावरचं झाड जिवंत असताना वादळात उन्मळलं तर मुळांसोबत मातीचा मोठा गोळा उचलून नेतं. मेलं तर आणखी वाईट, मुळं कुजतात आणि त्यांच्या जागी भरावात आरपार नळ्या राहतात. पण झाड बुंध्यापासून कापून ‘काम झालं’ म्हणणाऱ्यांच्या बाजूनेही मी नाही. खोड कापून मुळं आत ठेवणं म्हणजे त्या नळ्यांची तारीख ठरवून देणं. मुळं उकरून काढायची, खड्डा योग्य मातीने थराथराने भरून कुटायचा, आणि हे उन्हाळ्यात, तलावाची पातळी खाली असताना, थोडं थोडं करायचं. गवत मात्र हवंच, ते मातीला धरून ठेवतं.

मेट्रोची सीताबर्डी ते लोकमान्यनगर मार्गिका धरणाच्या पायथ्याच्या बाजूने गेली, तेव्हाही भरावाच्या मजबुतीचा प्रश्न वर आला. पायथा ही मातीच्या धरणाची सगळ्यात नाजूक जागा. तिथे खोदलं, पाझराची वाट बुजवली किंवा भर घालून झिरप झाकली तर चांगला-वाईट कुठलाच संकेत दिसत नाही. मेट्रोमुळे नुकसान झालं असं मी म्हणत नाही. पायथ्याशी बांधकाम आलं की पाहणी वाढायला हवी, एवढंच.

मालक कोण

तलाव महापालिकेचा. भोवतालच्या आणि खालच्या जागांवर वेगवेगळ्या यंत्रणांचा हात. पाणलोटातलं वाडी वेगळ्या नगर परिषदेचं, एमआयडीसी वेगळी, वनविभागाचं जैवविविधता उद्यान वेगळं. धरणाचं तंत्र जाणणारा जलसंपदा विभाग सल्लागार, मालक नव्हे. पूर आल्यावर प्रत्येकाच्या हातात आपापल्या हद्दीचा नकाशा असतो आणि पाण्याला हद्द नसते.

धरण सुरक्षा कायदा २०२१ मध्ये संमत झाला आणि त्याच वर्षाच्या ३० डिसेंबरला लागू झाला. पंधरा मीटरहून उंच धरणं त्यात येतात, आणि दहा ते पंधरा मीटरमधली काही, लांबी किंवा साठा ठरावीक मर्यादेबाहेर असेल तर. अशा धरणाच्या मालकाने सुरक्षा कक्ष ठेवायचा, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर पाहणी करायची, आपत्कालीन कृती आराखडा तयार ठेवायचा. सिंचन खात्याला हे नवं नाही. रस्ते, दिवे, कचरा सांभाळणाऱ्या महापालिकेसाठी मात्र मातीच्या धरणाची पाहणी हे परक्या घरचं काम होऊन बसतं. पाणीपुरवठा विभागाच्या वहीतून तलाव गेला, उद्यान विभागाच्या वहीत आला, आणि उद्यानाच्या वहीत पाझराचा रकाना नसतो.

पुरानंतर

नदीचं पात्र रुंद करण्याचं काम झालं, जलक्रीडा उद्यानाच्या जागेतले अडथळे काढले गेले, सांडव्याजवळचा रस्त्याचा पूल पाडून नव्याने बांधायला घेतला. पश्चिमेकडून येणाऱ्यांना महिनोन् महिने वळसा पडला आणि शिव्याही पडल्या. सांडव्याला दारं बसवण्याचा विचार पुढे आला.

दारांबद्दल थोडं सावध राहायला हवं. दार म्हणजे वीज, वंगण, देखभाल आणि रात्री हजर असणारा माणूस. बंद दार अडकलं तर दार नसलेल्या सांडव्यापेक्षा परिस्थिती बिकट. शिवाय तलाव एकदम खाली उतरवता येत नाही. पातळी झपाट्याने खाली गेली तर पाण्याकडच्या उतारात अडकलेलं पाणी मागे राहतं, समोरचा आधार नाहीसा होतो आणि ओला भराव घसरतो. म्हणून पातळी ऑगस्टपासूनच हळूहळू, ठरवून खाली ठेवायची असते. त्यासाठी कोणीतरी नौकाविहारवाल्यांना आणि ओव्हरफ्लोची वाट पाहणाऱ्यांना नाही म्हणायला हवं.

गोरेवाड्याची गोष्ट याउलट आहे. तोही मातीच्या बांधाचा जुना तलाव, पण त्याच्या काठावर आज जलशुद्धीकरण केंद्र चालतं, आजूबाजूला राखीव जंगल आणि २०२१ मध्ये सुरू झालेलं प्राणिसंग्रहालय आहे. तिथे पातळी रोज नोंदली जाते, कारण ती चुकली तर अर्ध्या शहराचे नळ कोरडे पडतात. अंबाझरीची पातळी चुकली तर नळ कोरडे पडत नाहीत. म्हणून तिथली रोजची नोंद, पायथ्याच्या पाझराचं मोजमाप आणि पावसाळ्यात चोवीस तास माणूस, हे तिन्ही महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागाकडे परत द्यावं, मग त्या तलावातून एक थेंबही नळात गेला नाही तरी चालेल. पाणी मोजणारी माणसं त्याच विभागात आहेत आणि पगारही तिथूनच निघतो.